अक्कांना ग्रुपमधून काढलं तेव्हा

रेवतीअक्का गेल्याची बातमी मला त्यांच्याच नंबरवरून आली. रविवारची सकाळ होती, गॅसवर दूध होतं, आणि फोनवर आमच्या शनिवारच्या बैठकीच्या ग्रुपमध्ये मेसेज पडला... ‘अक्का पहाटे गेल्या. झोपेतच. अंत्यसंस्कार आज दुपारी. पत्त्यासाठी ही लिंक.’ पुढच्या काही मिनिटांत आम्ही जे केलं ते इथे लिहायलाच हवं, कारण अक्का कोण होत्या हे त्यातून जितकं कळेल तितकं त्यांचे गुण गाऊन कळणार नाही. आमच्यातलं कोणी रडलं नाही. ‘कोणीही लिंक उघडू नका,’ असं एकाने लिहिलं. ‘अक्कांचा फोन कुणाच्या तरी हातात गेलाय.’ ‘ही अक्कांची भाषाच नाही.’ ‘भीती, घाई आणि लिंक! तिन्ही आहेत, बघा!’ हे तिन्ही अक्कांनीच आमच्या डोक्यात ठोकून बसवलं होतं. जो मेसेज घाबरवतो, घाई करायला लावतो आणि कुठेतरी बोट दाबायला सांगतो, तो आधी खोटा धरायचा. नवीनने, म्हणजे आमच्या ग्रुपच्या अॅडमिनने, अक्कांचा नंबर ग्रुपमधून काढून टाकला. त्यावर कोणीतरी अंगठाही दाखवला. शाबासकीचा.

अक्कांचा दुसरा नियम असा, की ज्या रस्त्याने शंका आली त्याच रस्त्याने उलट विचारायचं नाही, दुसऱ्या रस्त्याने जायचं. म्हणून मी त्यांच्या बसवनगुडीच्या घरच्या लँडलाइनवर फोन केला. एका पुरुषाने उचलला. मी म्हटलं, “अक्कांना सांगा, त्यांचा फोन हॅक झालाय. त्या मेल्यात असा मेसेज फिरतोय.” तो म्हणाला, “मी श्रीनिवास. भाचा. मीच पाठवला तो मेसेज. आत्याच्या फोनवरून. तिच्या माणसांना अजून कसं कळवायचं असतं?” पुढे म्हणाला, “आणि तुम्ही तिला काढून टाकलंत? ती अजून हॉलमध्ये आहे हो... आणि तुम्ही तिला काढून टाकलंत?”

ज्यांना मी फोन केले ते वेळेत पोचले. बाकीचे संध्याकाळपर्यंत ग्रुपवर एकमेकांना विचारत राहिले, ‘खात्री झाली का?’

अक्कांचं घराणं बंगळूरचं. म्हणजे नोकरीसाठी आलेलं नव्हे, कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन इथलंच झालेलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्हीच्या मधे उंबरठाच नाही. मी लातूरहून आलेली. त्यांचं ‘स्वल्प थांब गं’, ‘सरी, मग असंच करू’ ऐकून पहिल्यांदा मला हसूच आलं. त्यांनी ते पाहिलं. “हस, हस. आमचं मराठी इतकी वर्षं परक्या गावात टिकलं. तुझं इथं दोन वर्षं टिकतं का बघू.” टिकलं नाही. परवा गावी आईला फोनवर ‘बरं’ म्हणायच्या जागी मी ‘सरी’ म्हटलं, आणि ती म्हणाली, कुणाची साडी गं?

मारतहळ्ळीकडच्या एका कंपनीत त्यांनी आयुष्य काढलं. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमध्ये भोकं शोधायची, हे त्यांचं काम. मग एक दिवस सोडलं. का, विचारलं तर म्हणायच्या, “तिथं सगळे एकच विचारायचे, कधी होणार? काय होईल, असं कुणी विचारायचं नाही.” त्यानंतर जे. पी. नगरमधल्या एका योगवर्गाच्या वरच्या खोलीत त्यांनी शनिवार दुपारची बैठक सुरू केली. फी नाही, प्रमाणपत्र नाही, खुर्च्याही नाहीत. योगाच्या चटया पसरायच्या आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन बसायचं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या पोरापोरींनी आपण केलेलं काम तिथे मांडायचं, आणि इतरांनी चोर होऊन त्यात शिरायचा प्रयत्न करायचा. कुणी दवाखान्याचं आणायचं, कुणी शाळेच्या बसचं, कुणी सोसायटीच्या गेटचं. शिरता आलं की हशा, मग कुठून शिरलो ते दाखवायचं, मग ते बुजवायचं कसं ते सगळ्यांनी मिळून शिकायचं, आणि मग खालच्या दर्शिनीत, उभ्याने खायच्या हॉटेलात, बाय-टू कॉफी, एकीचे दोन पेले. सुरक्षित सॉफ्टवेअर कसं लिहावं हे या शहरात हजारो रुपये घेऊन शिकवतात. अक्का ते चटईवर शिकवत होत्या.

मी सॉफ्टवेअरवाली नाही. मी पत्रकं लिहिते. गार्मेंट कारखान्यांतल्या बायकांच्या संघटनेत काम करते, शिफ्ट सुटली की गेटवर उभी राहून पत्रकं वाटते, सिक्युरिटीवाल्याने हाकललं की पलीकडच्या फुटपाथवरून वाटते. आमच्या बायकांना लाइन सुपरवायझर नावाने हाक मारत नाही, टोकन नंबरने मारतो. संडासला गेलं तरी नंबर, उशीर झाला तरी नंबर, पाठीवर हात ठेवायचा असला तरीही नंबरच. म्हणून आमची घोषणाच आहे, ‘आम्ही नंबर नाही, आम्हाला नाव आहे.’ बायकांना सुपरवायझरविरुद्ध तक्रार फोनवरून करता यावी यासाठी संघटनेने एक वेबसाइट केली. आमच्या ग्रुपचा तो नवीन, स्वतःच्या कामावरून सुटला की आमच्यासाठी फुकट राबायचा, त्याने ती लिहिली. त्यात नाव हवंच असं बायकांनीच ठरवलं. सगळ्यांत पुढे भाग्या. शिलाईच्या लाइनवरची, कनकपुराकडून आलेली. “माझं नाव घाला,” ती म्हणाली. “गावाचंही घाला. तो मला एकशे-काहीतरी म्हणतो ना, त्याला कळू दे मी कोण ते.” त्या दिवशी सभेत टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. आजही वाजवीन.

नवीन मला अक्कांच्या बैठकीला घेऊन आला तो ही वेबसाइट दाखवायला. खरं सांगायचं तर मिरवायला. मी उभी राहून पत्रकाच्या भाषेत भाषण ठोकलं... शोषण, प्रतिष्ठा, आवाज. अक्कांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सरी. लिंक दे.” त्यांनी आपल्या फोनवर एक खोटी तक्रार नोंदवली. तिच्या पानाच्या पत्त्यात शेवटी एक आकडा होता. अक्कांनी तो आकडा एकाने कमी केला. बस, एवढंच. पान उघडलं, आणि त्याच क्षणी त्यांनी फोन पालथा घातला, चटईवर. त्या खोलीत कुणाचं भोक सापडलं की फोन हातोहात फिरायचा, लोक टाळ्या द्यायचे. त्या दिवशी तो फिरला नाही. त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि फक्त मला दिसेल असा फोन धरला. भाग्याची तक्रार होती. तिचं नाव, तिचं गाव, सुपरवायझरचं नाव, त्याने काय केलं ते, आणि शिफ्ट सुटल्यावर ती कुठल्या बोळातून एकटी घरी जाते तेही.

माझ्या तळव्यांना घाम सुटला. पोलिसांनी आजवर मला दोनदा व्हॅनमध्ये घातलंय, तेव्हा सुटला नव्हता. एक आकडा बदलायला काय लागतं? त्या सुपरवायझरच्या शाळकरी मुलालाही जमेल. “किती दिवस चालू आहे हे?” अक्कांनी विचारलं. मी नवीनकडे बघितलं, नवीन चटईकडे. “आत्ता बंद करा. कॉफी नंतर.”

बंद केलं. मग महिनोन्‌महिने नवीन आणि अक्का मिळून ते नव्याने लिहीत राहिले. दर शनिवारी माझं आणि अक्कांचं भांडण व्हायचं. त्या प्रत्येक रकान्यावर बोट ठेवून विचारायच्या, “हे कशाला? गाव कशाला? बोळ कशाला?” मी म्हणायची, “अक्का, तुम्हाला बाई दिसत नाही, फक्त माहिती दिसते.” त्या चिडायच्या नाहीत. “पत्रकवाली, तुझ्या पत्रकावर चहा सांडला तर तू दुसरं छापशील. हे सांडलं तर?” शेवटी गाव गेलं, बोळ गेला. नाव राहिलं, कारण भाग्या हटली नाही. अक्कांनी तिला फोनवर कन्नडमध्ये समजावलं, तिने अक्कांनाच उलटं समजावलं. फोन ठेवून अक्का म्हणाल्या, “ती बरोबर आहे. मीपण बरोबर आहे. मग आता कुलूप दुप्पट पाहिजे.” नाव वेगळ्या कुलपात ठेवलं. सगळ्या जुन्या तक्रारी नव्या घरात हलवल्या. आता फक्त उघडायचं बाकी होतं.

बायकांकडे तोवर काही नव्हतं. तक्रार करायची तर माझा फोन, आणि माझा फोन म्हणजे गेटवर उभी राहणारी मी, जिच्याकडे कोण जातं ते सुपरवायझर डोळ्यांनी मोजतो. वेबसाइट बंद ठेवली तर त्या उघड्यावर. ती चालू केली आणि तिच्यात भोक निघालं, तरीही उघड्यावर. हे लोकांना कळत नाही म्हणून ठणकावून लिहिते. सॉफ्टवेअर सुरक्षित असावं हे बँकेतल्या पैशासाठी सगळ्यांना पटतं. एखाद्या शिलाईवालीच्या नावासाठी म्हटलं की लोक म्हणतात, तिचं कोण काय चोरणार!

त्या शेवटच्या शनिवारी अक्कांनी सगळं शेवटचं तपासलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, “एक दार अजून उघडं आहे.” कुठलं, ते सांगेनात. ही त्यांची नेहमीची रीत. पुढच्या बैठकीपर्यंत तुम्ही शोधायचं, नाहीच सापडलं तर त्या सांगणार. “मी सांगितलं की तुम्ही बघायचं बंद करता.” मी मात्र भडकले. “अक्का, हा तुमचा वर्ग नाही हो! तिकडे बायका थांबल्यात!”

“म्हणूनच सांगते, उघडू नका. आठ दिवस शोधा. पुढच्या शनिवारी मी आहेच.”

“आणि तोवर आम्ही काय करायचं?”

“तोवर भ्या. स्वल्प भीती बरी असते.” आणि त्या चपला घालायला लागल्या.

दुसऱ्याच दुपारी विद्युतदाहिनीपाशी आम्ही वेळेत पोचलेले उभे होतो. श्रीनिवासने आमच्याकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. मी हात जोडले होते, आणि माझ्या शेजारी नवीन ओठ न हलवता विचारत होता, “तुला सांगितलं होतं का?” मी मानेनेच नाही म्हटलं. त्याने पलीकडच्या मुलीला विचारलं. तिने तिच्या पलीकडच्याला. अक्कांना आत नेत होते आणि आमच्या रांगेत एकच प्रश्न कुजबुजत फिरत होता... तुला सांगितलं होतं का? कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्यानंतरचे आठवडे कसे गेले ते नीट सांगता येणार नाही. दुःखाला जागाच नव्हती, सगळीकडे भीती बसलेली. मी रस्त्यात चालताना दारं बघायचे. भाग्या रोज संध्याकाळी फोन करायची, “कधी?” एवढंच विचारायची. मग तेही विचारेना, आणि मला जास्तच भीती वाटायला लागली. एकदा म्हणाली, “आज त्याने मला लाइन सोडून स्टोअरमध्ये पाठवलं. एकटीला. मी गेले नाही. उद्या परत पाठवेल.” मी तिला काय सांगणार होते? की तुझ्यासाठी एक घर बांधून तयार आहे, पण त्याचं एक दार कुठेतरी उघडं आहे, आणि ज्यांना ते ठाऊक होतं त्या बाई गेल्या?

शनिवारी आम्ही जमत राहिलो. आधी नुसतेच बसलो. मग चोर झालो. आकडे बदलून पाहिले, पासवर्ड विसरल्याचं सोंग केलं, तक्रारीच्या जागी भलतंच काहीबाही लिहून पाठवलं. सगळं घट्ट होतं. अक्कांनी आणि नवीनने बांधलेलं ते, घट्टच असणार. आणि जितकं घट्ट लागत होतं तितकी भीती वाढत होती. एकजण म्हणाला, “दार नसेलच बहुतेक. त्या सगळ्यांनाच तसं म्हणायच्या.” अक्का खोटं बोलल्या असाव्यात अशी आशा धरून आम्ही बसलो होतो, इथवर आमची मजल गेली.

मग एका शनिवारी नवीनने आत शिरायचं सोडून दिलं आणि साधा प्रश्न विचारला, “किल्ल्या कुणाकुणाकडे आहेत?” तक्रारी वाचण्याचा अधिकार संघटनेच्या कोणाकोणाला आहे ते त्याने पडद्यावर लावलं. मी नावं वाचायला लागले आणि मधेच थांबले. सुमा. सुमा आमच्यात होती, जीव तोडून काम करायची. मग वडील आजारी पडले, पगार लागला, आणि ती एका गार्मेंट कंपनीच्या ऑफिसात लागली. मनुष्यबळ विभागात. जिथे आमच्या बायकांच्या नोकऱ्या जातात त्या खोलीत. आणि जुन्या यादीबरोबर नव्या घरात आलेली तिची किल्ली चालू होती. भाग्याचं नाव ज्या वेगळ्या कुलपात ठेवलं होतं, त्या कुलपाचीही.

मी तिथूनच सुमाला फोन केला. ती माझ्याहून जास्त घाबरली. “अगं, मला ठाऊकच नाही! मी उघडलं नाही गं, शपथ. काढ मला. आत्ता काढ. इथे कुणी माझ्या फोनवर बघितलं तर...”

ही चूक कुणा इंजिनियरची नव्हती. चळवळीची होती, आणि चळवळीतली माणसंच ती करू शकतात. आमच्याकडे कुणाला काढत नाहीत. माणूस थकतं, लग्न करतं, नोकरीला लागतं, गावी जातं, पण त्याचं नाव आम्ही खोडत नाही. पुढच्या मोर्चाला येईल, असं म्हणतो. आलं नाही तरी म्हणतो. याला आम्ही माया समजतो. इकडे शनिवारच्या लोकांनी शंका आली म्हणून गेलेल्या बाईला चहा निवायच्या आत काढून टाकलं, आणि तिकडे आम्ही सोडून गेलेल्या कुणालाच कधी काढलं नाही. दोन्ही ठिकाणी मीच होते. अक्कांनी सांगितलेलं दार हेच का? असेल. मला वाटतं हेच. पण वाटणं आणि ठाऊक असणं यात काय फरक असतो, तेही त्यांनीच शिकवलं होतं.

सुमाला काढलं. आणखी कितीतरी नावं काढली. माझ्याबरोबर व्हॅनमध्ये बसलेली, माझ्या डब्यातलं जेवलेली माणसं. शेवटी एकच नाव उरलं जे काढायला हवं होतं... रेवती. तपासणीसाठी आम्हीच त्यांना किल्ली दिली होती.

“राहू दे ना,” नवीन म्हणाला. “कोण वापरणार आहे?”

“त्यांचा फोन चालू आहे. श्रीनिवासला तो उघडता येतो.”

“तो काय करणार त्याचं?”

“सुमाने तरी काय केलं होतं?”

नवीनने हात मागे घेतला. मी म्हटलं, थांब, आधी सांगू. मी बसवनगुडीला फोन लावला. श्रीनिवासने शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, ओरडेल. “सरी,” तो म्हणाला. “या वेळी विचारताय तरी.” मग म्हणाला, “तिचा फोन मी बंद केलेला नाही. अजून मेसेज येतात. शेजारच्या बायका, तिची जुनी माणसं, कोण कोण... ‘अक्का, बँकेचा असा मेसेज आलाय, खरा आहे का बघा.’ ‘अक्का, लिंक आलीय, उघडू का?’ त्यांना कुणी सांगितलेलंच नाही. मी काय उत्तर देऊ?”

“मला पाठवा,” मी म्हटलं. तेव्हापासून तो पाठवतो. मी नवीनला विचारते आणि उत्तर देते. खाली माझं नाव लिहिते, त्यांचं नाही.

अक्कांचं नाव मी काढलं. ‘खात्री आहे का?’ असं पडद्यावर आलं, तसं ते सगळ्यांच्याच वेळी येतं. मी ‘हो’ दाबलं. मग भाग्याला फोन करून सांगितलं, उघडलंय. पुरती खात्री झाली म्हणून नाही उघडलं. तिला कधीही परत स्टोअरमध्ये पाठवतील म्हणून उघडलं. ती म्हणाली, “भीती नाही ना आता?” मी खोटं बोलले नाही. म्हटलं, “आहे. पण सापडलं ते सगळं बुजवलंय.” “आमच्या घराच्या छपरालाही तसंच असतं,” ती म्हणाली, आणि आम्ही खोलीत बसलेलो असतानाच तिची तक्रार आली. पूर्ण नावाची.

काम संपलं होतं. लॅपटॉप मिटले होते. तरी कोणी उठेना. मला आधी कळलं नाही का ते. मग लक्षात आलं, काम झालं असं म्हणून या खोलीतून आम्ही कधीच आपणहून उठलेलो नाही. दर शनिवारी सगळं तपासून झालं, अक्कांचं समाधान झालं, की त्याच म्हणायच्या, “सरी, एळ्री आता.” चला, उठा. त्यांनी तसं म्हटलं नसेल तर कुठेतरी काहीतरी राहिलेलं असायचं आणि आम्ही बसून राहायचो. नवीन दाराकडे बघत होता. मी माझ्या हातांकडे. खालून दर्शिनीतल्या पेल्यांचा आवाज येत होता, आणि आमच्यातला एकही जण चटईवरून हलला नाही.

संध्याकाळच्या योगवर्गाच्या बायका जिना चढून आल्या आणि दारात थबकल्या. आमच्याकडे बघितलं, आमच्या खालच्या चटयांकडे बघितलं.

“आय्ता?” त्यांच्यातली एक हसून म्हणाली. झालं का?

आम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलो...